गाणं पटतं, गळा पटत नाही

प्रोग्रेसिव्ह रॉकमधले अल्बम, आवाज आणि वाद : एक आढावा

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारी चार माणसं एकत्र बसली की दोन प्रश्न निघतातच. अमुक बँडचा सर्वांत चांगला अल्बम कोणता? आणि त्या गायकाचा आवाज तुम्हाला सहन तरी कसा होतो? पहिल्या प्रश्नावर मंडळी सालं, गाणी, वादक यांचे दाखले देत बोलतात. दुसऱ्या प्रश्नाला दाखले पुरत नाहीत, तिथे ज्याचा त्याचा कान बोलतो. वटार, नंदाखाल, राजोडी या आमच्या वसईच्या टापूतल्या मित्रमंडळात हा वाद कॅसेटच्या काळापासून चालत आला आहे. ‘वाजवतात काय सुंदर, पण तो गळा आवर म्हणावं त्याला’ हे वाक्य रश, ड्रीम थिएटर, ओपेथ अशा कितीतरी बँडबद्दल मी ऐकलं आहे. इतके वाद ऐकून आणि घालून माझं एक मत पक्कं झालं आहे. हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. रचना आणि गळा एकमेकांसाठी घडलेले असतील तरच अल्बम श्रेष्ठ ठरतो. गायकाला बाजूला ठेवून अल्बमला गुण देता येत नाहीत.

त्या मताची पडताळणी म्हणून हा आढावा. सुरुवात जगातल्या मोठ्या बँडपासून आणि मुक्काम आपल्याकडच्या दोन बँडवर : स्कायहार्बर आणि मुंबईचा कोशिश.

रचना आधी, गळा नंतर

या संगीताचा उगम 1960च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये झाला. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम 1969 साली आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड यांनी रॉकचं गाणं तीन मिनिटांच्या चौकटीतून बाहेर काढलं. येसच्या ‘क्लोज टू दि एज’ (1972) या अल्बमचं शीर्षकगीत तबकडीची एक अख्खी बाजू व्यापतं. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ची चाल सात मात्रांची आहे. रूपक ऐकलेल्या कानाला त्या साताचं नवल वाटत नाही, उलट ओळख पटते. अख्ख्या अल्बममध्ये एकच कथा सांगायची, हीही याच मंडळींची आवड. म्हणून गाण्यांचा क्रम मोडून ऐकलं तर अर्धी मजा जाते. आमच्याकडच्या माणसाला त्यासाठी एक सोय आपसूक मिळाली. विरार ते चर्चगेट हे लोकलचं अंतर सुमारे 60 किलोमीटर. कानात हेडफोन घातले की उतरेपर्यंत अख्खा अल्बम सलग ऐकून होतो.

आता गळ्याची अडचण कुठे येते ते पाहू. या संगीतात पुष्कळदा आधी वाद्यांची रचना तयार होते आणि गायकाला त्यात जागा शोधावी लागते. कॅनडातल्या रशचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. ‘हेमिस्फिअर्स’ (1978) हा अल्बम त्यांनी वाद्यांवर रचून घेतला. पट्टी गळ्याला झेपेल की नाही, हे आधी पाहिलंच नाही. मग गायक गेडी ली यांना विलक्षण वरच्या पट्टीत गावं लागलं आणि त्या ध्वनिमुद्रणाने त्यांची दमछाक केली. मुळातच टोकदार असलेला तो आवाज तिथे टिपेला पोचला. ज्यांना रश आवडत नाही, त्यांची पहिली तक्रार हीच असते.

पण याच बँडने पुढे काय केलं? ‘पर्मनंट वेव्हज’ (1980) आणि ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (1981) या अल्बमांत गाणी आटोपशीर झाली आणि गळाही खाली उतरला. बहुतेक चाहते ‘मूव्हिंग पिक्चर्स’ला पहिल्या क्रमांकावर ठेवतात. त्याचं श्रेय नील पर्टच्या ड्रमला आणि ॲलेक्स लाइफसनच्या गिटारला द्यावंच, पण त्या अल्बममध्ये गायक प्रथमच आरामात उभा आहे, हेही सांगावं. लोक त्याला वादकांचा अल्बम म्हणतात. मला तो गळा सापडल्याचा अल्बम वाटतो.

गायक बदलला की बँड बदलतो का?

जेनेसिसच्या चाहत्यांत या प्रश्नावरून कायमचे दोन तट पडले. ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ (1974) या दुहेरी अल्बमनंतर पीटर गेब्रिएल बाहेर पडले आणि ड्रम वाजवणारे फिल कॉलिन्स ‘अ ट्रिक ऑफ द टेल’पासून (1976) मुख्य गायक झाले. मॅरिलियनचंही तसंच. फिश या गायकाचा ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ (1985) श्रेष्ठ, की स्टीव्ह होगार्थ यांचा ‘ब्रेव्ह’ (1994)? फिश प्रत्येक शब्द रंगमंचावरच्या नटासारखा उच्चारतात. होगार्थ शब्द सुरात विरघळू देतात. दोघांसाठी बँडने वेगळं संगीत लिहिलं, म्हणूनच दोन्ही अल्बम टिकले. होगार्थ यांनी फिशची नक्कल केली असती तर आज ‘ब्रेव्ह’ची आठवणही कुणी काढली नसती.

ड्रीम थिएटरच्या जेम्स लाब्री यांची कथा अधिक करुण आहे. ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधला (1992) त्यांचा गळा निर्विवाद तेजस्वी होता. 1994च्या अखेरीस क्युबात अन्नातून विषबाधा झाली, उलट्यांनी स्वरतंतूंना इजा झाली आणि त्याचे परिणाम पुढे कित्येक वर्षं ऐकू येत राहिले. मैफिलीतल्या एका चुकलेल्या स्वरावरून त्यांना निकालात काढणाऱ्या मंडळींना मी ही हकिकत नेहमी सांगतो. वाद घाला, पण गळा हाडामांसाचा असतो हे विसरू नका.

ओपेथचा वाद निराळा. तिथे एकाच माणसाच्या दोन आवाजांचं भांडण आहे. मिकाएल ओकरफेल्ट पोटातून गुरगुरतात आणि तितक्याच कोवळेपणाने गातातही. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये (2001) दोन्ही आवाज आहेत. ‘हेरिटेज’मध्ये (2011) गुरगुर बंद झाली आणि निम्मे चाहते रुसले. ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’मध्ये (2024) ती परतली. गुरगुरणं हा आवाजाचा दोष मानणाऱ्यांनी ‘ब्लॅकवॉटर पार्क’ सलग ऐकावा. कोवळा स्वर कोवळा वाटतो तो त्या गुरगुरीच्या शेजारी उभा असल्यामुळे.

आणि एक उदाहरण शब्दांवाचूनचं. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये (1973) क्लेअर टॉरी यांनी एकही शब्द न उच्चारता अख्खं गाणं गायलं. तेव्हा मोबदला म्हणून त्यांना मिळाले अवघे 30 पौंड. पुढे हे प्रकरण कोर्टात गेलं आणि 2005 साली तडजोडीनंतर रचनाकार म्हणून त्यांचं नाव लागलं. गळ्यातून जे उमटतं तीही रचनाच असते, याला याहून ठोस पुरावा काय हवा?

आपल्याला हा वाद नवा नाही

मराठी माणसाला गळ्यावरून भांडायला इंग्रजांनी शिकवलेलं नाही. बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावरून नाट्यरसिकांत उभे तट होते. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि लोकांनी तो प्रयोग डोक्यावर घेतला. एकाच्या गळ्यात लडिवाळपणा, दुसऱ्याच्या गळ्यात झेप. कुमार गंधर्वांना क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळवलं. त्या आजारातून उठल्यावर त्यांनी आपल्या श्वासाच्या मापाचं गाणं घडवलं. छोटे, तीव्र, तुटक वाटणारे स्वरपुंज ऐकून काही जाणकार नाराज झाले, तर काहींना त्यात नवं विश्व दिसलं. आजार झालेला गळा जुन्या रचनेत कोंबण्याऐवजी त्यांनी रचनाच गळ्याजवळ आणली. ज्या कानांनी हे ऐकलं आणि पचवलं, त्यांना गेडी ली किंवा ओकरफेल्ट अवघड जायचं कारण नाही.

वसईच्या कानाला आणखी एक वळण आहे. पोर्तुगीज इथे 1534 ते 1739 होते. ते गेले, पण चर्चमधल्या पाश्चात्त्य संगीताची सवय राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) उपासना मराठीत आली, भक्तिगीतं मराठीत आली. चर्चच्या गायकवृंदात अनेक आवाज मिळून एक गाणं उभं करतात, हे आमच्याकडचं पोर लहानपणीच अनुभवतं. मराठी शब्द आणि पाश्चात्त्य स्वरसंगती यांत काही विजोड वाटत नाही, ते या सवयीमुळे.

मुंबईचं मैदान

मुंबईत धोबीतलावजवळचं रंगभवन हे रॉकचं घर होतं. 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तिथेच वाढला. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे त्या खुल्या रंगमंचावरचे कार्यक्रम थांबले आणि एका पिढीचा अड्डा गेला. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 साली बंद झालं. तरीही श्रोते हटले नाहीत. फेब्रुवारी 2007मध्ये पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स वांद्रे-कुर्ला संकुलात ‘डार्क साइड’ सादर करून गेले, तर डिसेंबर 2009मध्ये आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त पॉर्क्युपाइन ट्री वाजले. त्या बँडचे गायक स्टीव्हन विल्सन यांच्या संयत, जवळजवळ निर्विकार गळ्यावरून आमच्या मंडळात दोन गट पडले आणि अजून जुळलेले नाहीत.

स्कायहार्बर : एक बँड, तीन गळे

आता मूळ मुद्द्याची खरी कसोटी. दिल्लीच्या केशव धर यांनी घरच्या स्टुडिओत एकट्याने सुरू केलेला स्कायहार्बर हा आपल्याकडचा जगभर पोचलेला प्रोग्रेसिव्ह बँड. पुढे मुंबईच्या ‘गॉडेस गॅग्ड’मधले देवेश दयाल आणि कृष्ण झवेरी त्यात आले. तीन अल्बम आणि गळ्याच्या प्रश्नाला तीन उत्तरं, असा हा प्रवास आहे.

पहिला ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज : इल्यूजन अँड केऑस’ (2012). त्याचे दोन भाग आहेत. ‘इल्यूजन’मध्ये इंग्लंडचे डॅनियल टॉम्पकिन्स स्वच्छ, उंच, तरल आवाजात गातात. ‘केऑस’मध्ये मुंबईच्या ‘भयानक मौत’चे सुनीथ रेवणकर गर्जतात. भांडण मिटवण्याचा हा सरळ मार्ग : दोन्ही आवाज घ्या, पण वेगळ्या खोल्यांत ठेवा. परिणाम असा झाला की श्रोत्यांनीही एकेक खोली निवडली आणि दुसरीचं दार लावून घेतलं. रेवणकरांच्या वाट्याला आलेला भाग छोटा आहे आणि त्यावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं. त्या गर्जनेत जी शिस्त आहे, शब्द तालावर जसा नेमका पडतो, ते कौतुक करावं असंच आहे.

दुसरा ‘गायडिंग लाइट्स’ (2014). इथे मुख्य गळा टॉम्पकिन्स यांचाच आहे आणि संगीत त्यांच्या गळ्याभोवती विणलेलं आहे. ‘ऑल्युअर’, ‘पेशन्स’, ‘कैकोमा’ ही गाणी ऐका. एकाच गायकाचे अनेक थर एकमेकांवर रचले आहेत, गिटार त्या थरांना वाट करून देते आणि ड्रमची गुंतागुंत पाठीमागे राहूनही हरवत नाही. काही मित्रांची तक्रार अशी की हा अल्बम फार मऊ आहे, पहिल्याची धार गेली. मी म्हणतो, धार गेली नाही, ती आत वळली. मोठी गाणी घाई न करता चढत जातात, आणि गळा चढतो तो गाण्याने मागितलं म्हणून.

टॉम्पकिन्स 2015मध्ये बाहेर पडले आणि अमेरिकेचे एरिक एमरी आले. ‘सनशाइन डस्ट’ (2018) हा त्यांचा अल्बम. गाणी आखूड झाली, ध्रुवपद ठसठशीत झालं, आवाजाला खरखर आली आणि तो जमिनीच्या जवळ आला. ‘डिसेंट’सारख्या गाण्यात राग उघड बोलतो. ‘हा आपला स्कायहार्बर नव्हे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा अल्बम दुसऱ्याइतका प्रिय नाही, कारण काही ठिकाणी रचना अजून जुन्या गळ्याची वाट पाहताना ऐकू येते. पण जिथे एमरींसाठीच लिहिलं आहे, तिथे तो अस्सल आहे. तेव्हा माझा क्रम असा : दुसरा, मग पहिला, मग तिसरा. हा क्रम लावताना गायकांची तुलना मी केलेली नाही. गळा आणि रचना किती एकजीव झाले, एवढंच पाहिलं.

कोशिश : भाषा हाच गळा

मुंबईच्या कोशिशने याच प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला. 2013 साली आलेला ‘फिरदौस’ हा त्यांचा हिंदी अल्बम एका माणसाच्या आयुष्याची कथा सांगतो. गंमत अशी की गाणी मुद्दाम क्रम मोडून दिली होती. खुणा शोधून योग्य क्रम श्रोत्यानेच लावायचा. अल्बम सलग ऐकण्याची सवय सुटत चाललेल्या काळात श्रोत्याला पुन्हा क्रमाचा विचार करायला लावणं, ही मला त्या दशकातली फार मोलाची कल्पना वाटते.

बँडचे गायक मंगेश गांधी यांचा आवाज दिखाऊ नाही. ‘रास्ता’, ‘मुक्ती’, ‘भुला दो उन्हें’ ही गाणी ते बोलण्याच्या जवळ राहून गातात. ‘एवढ्या भरगच्च वाद्यांपुढे गळा फिका पडतो’ असा आक्षेप आमच्यातले बरेच जण घेतात. पण हमझा काझींचे ड्रम आणि गिटारचे गुंतलेले हिशेब चालू असताना एक साधा आवाज आपल्या भाषेत आपल्याशी बोलतो, हाच त्या अल्बमचा कणा आहे. तिथे टॉम्पकिन्स उभे केले असते तर कथा सांगणारा माणूसच नाहीसा झाला असता. स्कायहार्बरपेक्षा कोशिश वाजवण्यात मोठा आहे असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडच्या अल्बमांत मला सर्वांत जवळचा विचाराल तर मी ‘फिरदौस’च सांगेन.

पुढचं मागणं

इथून मला एक मागणं मांडायचं आहे. मराठीत या संगीताला लागणारं सगळं साहित्य आहे. सात आणि दहा मात्रांचे ताल आपल्या कानात आहेत. रात्रभर एक कथा गाऊन सांगण्याची परंपरा आपल्याकडे कीर्तनात आणि गोंधळात आहे. आमच्या वसईत अनेक आवाजांत मराठी गाणारे गायकवृंद आहेत. उणीव आहे ती धीराची. मराठी शब्द इलेक्ट्रिक गिटारवर ‘शोभत नाहीत’ असं मानून पोरं इंग्रजीत लिहितात, आणि मग परक्या उच्चारात अडकलेल्या गळ्यावर आपणच टीका करतो.

ज्या दिवशी इथलं एखादं टोळकं आपल्या गळ्याची पट्टी आधी तपासेल, आपल्या बोलीतला उच्चार न लपवता लिहील आणि त्याभोवती सातांचे, दहांचे हिशेब बांधेल, त्या दिवशी चांगला मराठी प्रोग्रेसिव्ह अल्बम होईल. त्यातला आवाज सगळ्यांना आवडणार नाही. निम्मे लोक नाक मुरडतील, निम्मे प्राणपणाने बाजू घेतील. तसं झालं तर त्या पोरांनी खुशाल मानावं की काम बरोबर झालं आहे. कुणालाच न खटकणारा आवाज बहुधा कुणाचाच नसतो, आणि ज्याच्यावरून माणसं वर्षानुवर्षं भांडतात तो आवाज त्यांनी मन लावून ऐकलेला असतो.