विस्तवाचं लाकडी भांडं

लाकडाच्या भांड्यात निखारा ठेवायचा, तो अर्धा-पाऊण तास धुमसू द्यायचा, आणि भांडं मात्र जळता कामा नये. असं भांडं कोणी मागितलं तर आपण त्याला कुंभाराकडे पाठवू. चिलीम मातीची असते ती त्यासाठीच. पण आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, मफलरच्या घडीत मला जो पाइप सापडला तो लाकडाचा होता. वर्षानुवर्षं विस्तव पोटात घेऊनही शाबूत!

आजोबा रत्नागिरीकडचे, उमेदीची वर्षं बोटीवर काढलेले. ते गेल्यावर या पाइपकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. वाटी काजळीने बुजलेली, लाकूड कळकट, दांडी शेवाळल्यासारखी हिरवट. मी तंबाखू ओढत नाही; तिने काय होतं ते घरातच पाहिलंय. पाइप पुसून काचेच्या कपाटात ठेवावा, एवढाच विचार होता. त्या पुसण्यात माझे दोन आठवडे गेले.

सुरुवात दांडीपासून केली. मला ती प्लॅस्टिकची वाटली होती. पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासू लागलो आणि चक्क गंधकाचा वास आला. ही दांडी रबराची होती! रबरात थोडं गंधक घालून तापवलं की सायकलच्या ट्यूबसारखं लवचीक रबर मिळतं. तेच गंधक 30 टक्क्यांच्या आसपास नेलं तर शिंगासारखा कडक, काळाभोर पदार्थ तयार होतो. तो म्हणजे एबोनाइट. शाईची जुनी पेनं याचीच असत. उजेड आणि हवा लागत राहिली की पृष्ठभागाजवळचं गंधक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि काळेपणा हिरवट-तपकिरी होतो. म्हणजे मी जो मळ समजत होतो, तो दांडीच्या आतूनच वर आला होता. पेपर आणखी बारीक, आणखी बारीक करत गेलो. शेवटी दांडीत खिडकीचे गज दिसू लागले.

मग वाटी. तिच्यात खडेमीठ भरलं, दांडीच्या बाजूच्या भोकात कापूस कोंबला आणि वरून स्पिरिट ओतलं. सकाळी पांढरं मीठ चहाच्या रंगाचं झालेलं. स्पिरिटने लाकडात मुरलेला तंबाखूचा कीट सोडवला होता आणि मिठाने तो शोषून घेतला होता. आतल्या काजळीचा थर मात्र सगळा खरवडायचा नसतो. बिडाचा नवा तवा आपण तेल लावून, तापवून मुरवतो, मगच त्यावर घावन सुटतं. पाइपही तसाच मुरवावा लागतो. जळक्या तंबाखूचा जेमतेम दीड मिलिमीटरचा थर आत बसला की तो लाकूड आणि विस्तव यांच्यामध्ये आडोशासारखा उभा राहतो. पण थर फार जाड झाला तर? काजळी आणि लाकूड तापल्यावर सारखे फुगत नाहीत. वाटीला तडा जाऊ शकतो.

वाटीची बाहेरची बाजू पुसताना कळकटाखालून अक्षरं वर आली: ‘सँ-क्लोद’. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातलं हे गाव. तिथल्या मठात यात्रेकरू येत आणि गावातले कातारी त्यांच्यासाठी लाकडी जपमाळा, छोट्या वस्तू कातून विकत. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी आठवा, तसाच हा हाताचा वारसा. 1850च्या दशकात याच हातांत एक नवं लाकूड आलं आणि गाव पाइपसाठी जगभर ओळखलं जाऊ लागलं.

ते लाकूड मात्र जुरात उगवत नाही. ते भूमध्य समुद्राकाठचं: कॉर्सिका, सार्डिनिया, कालाब्रिया, अल्जेरिया. झाडाचं शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिया, फ्रेंचमध्ये ब्रुयेर. त्यावरूनच इंग्रजीत ब्रायर. पुरुषभर-दोन पुरुष उंचीचं झुडूप, त्याला घंटेच्या आकाराची इवलीशी पांढरी फुलं. अशा झुडपाच्या काटक्यांतून पाइप कसा निघणार?

तो काटक्यांतून निघतच नाही! खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे, मातीत अर्धवट दडलेली, या झुडपाला एक गाठ असते. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात वणवे लागतात. फांद्या राख होतात, गाठ तग धरते. तिच्यात साठवलेल्या पिठूळ अन्नावर तिचे झोपलेले डोळे जागे होतात, उसाच्या पेराला फुटतात तसे, आणि झुडूप पुन्हा उभं राहतं. आपल्या विदर्भातला तेंदूही आगीनंतर मुळांपासून असाच फुटतो आणि त्या कोवळ्या पानांची विडी होते. तंबाखूची ही दोन टोकं, पाइप आणि विडी, दोन्ही वणव्यातून परत उठणाऱ्या झाडांकडे जातात, हे लक्षात आलं तेव्हा मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून नुसता बसून राहिलो.

पाइपच्या कामाची गाठ तयार व्हायला 30-40 वर्षं लागतात, अनेकदा त्याहून जास्त. वाढताना ती वाटेतले खडेही पोटात घेते, त्यामुळे करवतीखाली काय निघेल ते आधी कळत नाही. आजोबांच्या पाइपवर मोहरीएवढा एक खळगा लांबी भरून बुजवलाय. तिथे बहुधा असाच खडा असावा. खणलेली गाठ सुकून तडकू नये म्हणून ओली ठेवतात, तिचे ठोकळे कापतात आणि ते बारा-बारा तास उकळतात. सुपारी उकळली की तिचा तुरटपणा जसा पाण्यात उतरतो, तसा ठोकळ्यांतला रस आणि टॅनिन निघून जातं. त्यानंतर महिनोन् महिने, कधी वर्षंही, सावलीत सुकवणं.

आता विस्तवाकडे परत येऊ. लाकूड साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला काळं पडू लागतं आणि धुमसती तंबाखू त्याहून कितीतरी गरम असते. तरी वाटी का जळत नाही? गाठीचं लाकूड घट्ट, त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले, त्यात सिलिकाचाही अंश, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. शिवाय वाटीतल्या विस्तवाला हवा मिळते ती फक्त ओढणाऱ्याच्या श्वासाइतकी, आणि मध्ये काजळीचा आडोसा. यातली एक गोष्ट बिघडली तरी चालत नाही: कोणी घाईघाईने भसाभस ओढू लागला, तर हाच पाइप आतून जळून त्याला भोक पडू शकतं.

शेवटी मेण लावून फडक्याने घासलं आणि लाकडाच्या रेषा उमटल्या. वाटीच्या एका बाजूला उभ्या, जवळजवळ समांतर. काटकोनात वळवलं तर रेषा गायब. तिथे बारीक गोल ठिपके, दाटीवाटीने. पाइपवाले त्यांना पक्ष्याचे डोळे म्हणतात. मला वाटलं, दोन वेगळी नक्षीकामं आहेत. मग खराट्याची जुडी आठवली: बाजूने पाहिली तर काड्या, टोकाकडून पाहिली तर नुसते ठिपके. गाठीच्या मध्यापासून बाहेर पसरत गेलेले तंतू ते हेच, एकीकडे लांबीने दिसणारे, दुसरीकडे टोकाने. खिडकीपाशी पाइप सावकाश फिरवत मी एक रेषा नजरेने धरली. वाटीच्या कडेवरून वळत ती लांब रेषेची तिरपी झाली, तिरपीची आखूड, आणि मग एक टपोरा, गडद ठिपका.