विमानाच्या तिकिटावरचा इन्शुरन्स : टिक करायचं की नाही?

पुणे-दिल्ली तिकीट काढताय. पैसे भरायच्या आधी एक स्क्रीन येते : थोडे पैसे जास्त द्या, ट्रिप सुरक्षित करा. आणि खाली बारीक अक्षरात, 'नको, मी रिस्क घेतो'. मी याच धंद्यातला, म्हणून सांगतो, ते वाक्य तुम्हाला घाबरवायलाच लिहिलेलं असतं. याला कन्फर्म शेमिंग म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ ला सरकारने डार्क पॅटर्नविरुद्ध नियम काढले, त्यात उदाहरण म्हणून चक्क विमान तिकिटाचा इन्शुरन्सच दिलाय!

तर घाबरून टिक करू नका. आधी बघा, नुकसान झालंच तर खिशाला झेपेल का?

देशातल्या देशात बहुतेकदा झेपतं. कंपनीने आयत्या वेळी फ्लाइट रद्द केली तर डीजीसीएच्या नियमाने दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड मिळतो. चूक कंपनीची असेल तर वर दहा हजारांपर्यंत भरपाई. दिल्लीचं धुकं असेल तर भरपाई विसरा, रिफंड मात्र सोडू नका. तिकीट तुम्हीच रद्द केलंत तर? पॉलिसीत आजारपणासारखी ठरावीक कारणं असतात. 'मॅनेजरने सुट्टी रद्द केली' हे सहसा त्यात बसत नाही. आणि हो, नॉन-रिफंडेबल तिकिटावरही सरकारी टॅक्स आणि एअरपोर्टची फी परत मिळते. ती मागून घ्या.

परदेशाचं गणित मात्र वेगळं. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतंच. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला अशी सक्ती नाही, आणि नेमकं तिथेच हॉस्पिटलचं बिल घरदार विकायला लावेल असं असतं. ताई न्यू जर्सीत असते. आईबाबा तिच्याकडे निघाले तेव्हा मी फॉर्म भरत होतो, तर बाबा म्हणाले, "अरे, बीपीची गोळी तर सगळेच घेतात, ते कशाला लिहायचं? प्रीमियम वाढेल उगाच." आमचं चांगलंच वाजलं. कारण आजार लपवला आणि तिथे ॲडमिट व्हायची वेळ आली, तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. शेवटी लिहिलं. प्रीमियम वाढला, बाबा दोन दिवस फुगून होते.

आजार लिहिला म्हणजे सगळं कव्हर होतं असंही नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलं तरच पैसे मिळतात, तेही मर्यादेत. ते पान वाचा. शिवाय डिडक्टिबल बघा, म्हणजे बिलातले सुरुवातीचे किती डॉलर तुम्ही भरायचे. स्वस्त पॉलिसीत हा आकडा मोठा असू शकतो.

पॉलिसीची पीडीएफ दोघांच्या फोनमध्ये टाका. मदतीचा नंबर कागदावरही लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. तिकडचं सिम सुरू व्हायला वेळ लागतो, आणि फोन तर बाबांच्या खिशात नेहमी पाच टक्क्यांवर असतो.