उदयशंकर : देहाची शिल्पकला

भारतात ‘बॅले’ या शब्दाला जो अर्थ प्राप्त झाला, त्याचे श्रेय प्रामुख्याने उदयशंकर यांच्याकडे जाते. युरोपीय बॅलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कोणत्याही एका भारतीय नृत्यशैलीची प्रदीर्घ तालीमही त्यांना लाभली नव्हती. त्यांची खरी पूर्वतयारी चित्रकाराची होती.

८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे जन्मलेल्या उदयशंकरांचे बालपण बव्हंशी काशी आणि गाझीपूरजवळील आजोळ येथे गेले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि गांधर्व महाविद्यालयात संगीतही शिकू लागले. १९२० मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. १९२३ साली जगद्विख्यात बॅले-नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांच्यासाठी त्यांनी भारतीय विषयांवरील दोन नृत्ये रचली व त्यांपैकी एकात पाव्हलोव्हांच्या राधेबरोबर स्वतः कृष्णाची भूमिका केली. चित्रकला मागे पडली. परंतु पुढे पाव्हलोव्हांचा संचही त्यांनी सोडला.

१९३० मध्ये स्विस शिल्पकार ॲलिस बोनर यांच्यासमवेत त्यांनी भारतभर प्रवास केला. मंदिरांतील शिल्पे आणि केरळची कथकळी त्यांनी डोळसपणे पाहिली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांचा स्वतःचा संच रंगमंचावर आला. त्यात दहा-अकरा वर्षांचे धाकटे बंधू रविशंकर होते, तसेच पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळीही होते. एकल नर्तकाने मैफलीत रंग भरावा, ही जुनी रीत. उदयशंकरांनी मात्र समूहाची आखीव रचना, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि केवळ भारतीय वाद्यांचा वृंद यांना एका सूत्रात गुंफले.

१९३९ मध्ये त्यांनी अल्मोडा येथे कलाकेंद्र स्थापले. कथकळीचे शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यमचे कंदप्पा पिळ्ळै आणि संगीताचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्यासारखे गुरू तेथे एकाच छत्राखाली शिकवीत. गुरुदत्त आणि शांतिवर्धन हे तेथलेच विद्यार्थी. परंतु महायुद्धाच्या काळात, अवघ्या काही वर्षांत, हे केंद्र बंद पडले.

नृत्य नर्तकाच्या देहात राहते आणि देहाबरोबरच जाते. कदाचित म्हणूनच केंद्राच्या स्वप्नाची कथा त्यांनी ‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटात बांधून ठेवली. व्यावसायिक यश त्याला मिळाले नाही. १९७१ मध्ये पद्मविभूषण लाभलेले उदयशंकर २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यात निवर्तले. २०१२ मध्ये जीर्णोद्धारित ‘कल्पना’ कान महोत्सवात दाखविण्यात आला. केंद्र राहिले नाही. त्यांची देहरेषा मात्र त्या चित्रपटात आजही पाहता येते.