निशिगंध लावायचा की मुळा?

परवा शेजारच्या काकू निशिगंधाचे कंद घेऊन आल्या. "हे मुळ्याच्या वाफ्यातच खोचू का रे? दोन्ही जमिनीखालचंच की!"

मी एक खराब कंद उभा चिरला. कांद्यासारखे पापुद्रे. म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे, खाली चकतीएवढं खोड. मुळ्याच्या चकतीत पापुद्रे नसतात; ते सोटमूळच फुगलेलं.

म्हणून मुळा बी टाकूनच करायचा, जागच्या जागी. मागे मी हौसेने रोपं उपटून दुसरीकडे लावली आणि दोन पायांचे वाकडे मुळे खाल्ले. खडे असले तरी तेच होतं. माती वीतभर भुसभुशीत हवी. थंडीत बहुतेक जाती ४०-४५ दिवसांत तयार. जास्त ठेवलात तर मुळा आतून भेंडासारखा होतो, साठवलेलं सगळं फुलोऱ्यात जातं. (मी दोन मुळे मुद्दाम तसेच सोडतो, डिंगऱ्यांच्या भाजीसाठी!)

निशिगंधाला घाई चालत नाही. मार्च ते मे दरम्यान कंद लावा, टोक वर, दीड-दोन इंच खोल. कंद अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचे निवडा; बारक्यांना नुसती पानं येतात. दांडा यायला तीनेक महिने. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पण भोवतीची पिल्लं पुढे फुलतात. पाणी साचलं की कुजलाच.

काकूंना कुंडी दिली. मुळ्याचा वाफा वाचला.

तुमच्या निशिगंधाला नुसती पानंच येतायत का? फोटो टाका, बघू.