ढेकूण न लपवणारे घर

घरात ढेकूण झाले तर आपण काय करतो? गाद्या उन्हात टाकतो, पलंगाच्या फटीत औषध मारतो, आणि शेजारच्या काकूंनी विचारलेच तर ‘छे हो, ऊन चांगलं पडलंय म्हणून सहज’ असे सांगून मोकळे होतो. ढेकूण होणे ही आपत्ती नव्हे; ते झाल्याचे चाळीला कळणे ही खरी आपत्ती! मोठमोठ्या कारखानदारांचे आणि पेढ्यांचेही याहून निराळे नसते. मालातला दोष गिऱ्हाइकाने शोधून काढेपर्यंत तो दोष नसतोच, अशी एकूण व्यवहाराची रीत.

संगणकाच्या दुनियेत चुकीला ‘बग’ म्हणतात, आणि बग म्हणजे ढेकूणच. आता काय गंमत आहे पाहा, आपल्या घरातल्या एकूण एक ढेकणाची यादी दारावर लावणारे एक घर या दुनियेत आहे. त्या घराचे नाव डेबियन. १९९७ साली या मंडळींनी समाजाशी एक करार जाहीर केला. आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही, दोषांची वही सर्वांना सर्वकाळ उघडी राहील, असे त्यात वचन आहे. त्या वहीतल्या नोंदींच्या क्रमांकांनी दहा लाखांचा आकडा केव्हाच मागे टाकला!

मी काही संगणकातला जाणकार नव्हे. माझी पस्तीस वर्षे बँकेत खातेवह्या तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर भाच्याने माझ्या रडतखडत चालणाऱ्या जुन्या संगणकावर हे डेबियन बसवून दिले, आणि ‘किती झाले रे?’ म्हणून विचारल्यावर ‘मामा, एक पैसाही नाही’ म्हणाला. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला अशा उत्तराने झोप लागत नाही. देणारा कोण, देतो कशासाठी, आणि बुडाले तर जबाबदार कोण? या तीन प्रश्नांसाठी मी ती उघडी वही चाळायला घेतली. प्रश्न सुटले, पण वहीची गोडी सुटली नाही. सकाळच्या चहाबरोबर ती वाचण्याचा परिपाठच पडून गेला.

वीस वर्षांच्या मुलाचा हट्ट

संगणक सुरू केल्यावर यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये उभी राहून जी सगळा कारभार हाकते, ती कार्यप्रणाली. ती मुक्त असावी, म्हणजे कोणीही ती वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी, या ध्येयाने रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ नावाचा गाभा लिहिला. शिधा जमला, पण शिधा म्हणजे जेवण नव्हे. हे सारे नीट जुळवून, बांधून लोकांच्या हाती देणारा कोणी तरी हवा होता. त्या काळी मिळणारे संच दोषांनी बुजबुजलेले असत.

अमेरिकेत इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या तरुणाला ते सहन होईना. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने जाहीर केले की आपण असा संच काळजीपूर्वक आणि सर्वांच्या मदतीने बांधणार. नाव ठेवले ‘डेबियन’. त्यात मैत्रीण डेब्रा (जी पुढे त्याची पत्नी झाली) आणि स्वतः इयन यांची नावे गुंफली. शहाजहानने प्रेमाखातर ताजमहाल बांधला. याने कार्यप्रणाली बांधली, आणि तीत राहायला कोणालाही मज्जाव ठेवला नाही. मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरात वारला, तेव्हा तो अवघा बेचाळीस वर्षांचा होता. पण बांधकाम चालूच आहे. आज देशोदेशीचे सुमारे हजार सभासद आणि त्यांच्याभोवतीचे कित्येक मदतनीस ते चालवतात.

डबा कसा भरतात?

या मंडळींचे मुख्य काम म्हणजे ‘पॅकेज’ बांधणे. ज्या घरात दिवाळीचा फराळ बांधून परगावी धाडला जातो, त्या घरात हे समजावून सांगायला नको. चकली केली कोणी एकीने. पण ती डब्यात न मोडता भरणे, वर चिठ्ठी लावणे, ‘याच्याबरोबर लोणी लागते’ असे लिहिणे हे काम दुसरीचे. डेबियनचे पॅकेज असेच असते. आत कार्यक्रम, आणि सोबत एक चिठ्ठी: हा कार्यक्रम कोणत्या आवृत्तीचा, सांभाळणारा कोण, चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात, आणि कोणाशी याचे पटत नाही. तुम्ही एक डबा मागवला की त्याला लागणारे बाकीचे डबे आपोआप हजर होतात. २०२३ सालच्या ‘बुकवर्म’ आवृत्तीत असे ६४ हजारांवर डबे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘ट्रिक्सी’त ते ७० हजारांच्या घरात गेले.

आवृत्त्यांची ही नावे ‘टॉय स्टोरी’ या लहान मुलांच्या चित्रपटातील खेळण्यांची आहेत. त्या चित्रपटात सिड नावाचा एक शेजारचा मुलगा आहे, खेळणी मोडणारा. म्हणून नवीकोरी पॅकेजे जिथे प्रथम येऊन पडतात, त्या कच्च्या विभागाचे नाव कायमचे ‘सिड’! तिथे साधारणपणे दोन ते दहा दिवस काढून, नवा गंभीर दोष निघाला नाही, तर पॅकेज ‘परीक्षा’ विभागात जाते. दोन वर्षांच्या आसपास केव्हा तरी ती परीक्षाही थांबवतात, नवी भर बंद करतात, उरलेले मोठे दोष निपटतात, आणि मग ‘स्थिर’ आवृत्ती बाहेर पडते. तिची तारीख दोषांची यादी ठरवते. लग्नाचा मुहूर्त गुरुजींनी नव्हे, तर आचाऱ्याने ‘तयार आहे’ म्हटल्यावर धरावा, असा हा प्रकार.

भांडणे, पण नियमाने

वहीत दोषांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वांत वर अख्खे यंत्र बिघडवणारा दोष, सर्वांत खाली नुसती ‘इच्छा’. खाली दोन्ही पक्षांचा पत्रव्यवहार. कोणी लिहितो, माझ्या यंत्रावर हे बंद पडते. सांभाळणारा उत्तर देतो, माझ्याकडे पडत नाही, अधिक माहिती द्या. तिसराच कोणी लांबच्या देशातून दुरुस्तीचा तुकडा चिकटवून जातो. काही नोंदींवर शेरा असतो, ‘दुरुस्त करणार नाही’, आणि मग जी जुंपते ती वाचताना आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची आठवण होते.

एकदा मी सौ.ला त्यातले थोडे वाचून दाखवले. ती म्हणाली, “अहो, पण पगार नाही तर भांडतात कशाला?” मी म्हटले, “पगार नाही म्हणून तर! पगारी माणूस गप्प बसतो.” गणेशोत्सव मंडळात आरास कशी असावी यावरून ज्यांनी एकमेकांशी अबोला धरला आहे, त्यांना हे पटेल.

या संस्थेच्या घटनेतच लिहिले आहे की कोणावरही काम करण्याची सक्ती नाही. अध्यक्ष दरवर्षी मतदानाने निवडतात, पण त्यालाही कोणाला कामाला जुंपता येत नाही. मतपत्रिकेवर पसंतीचे क्रम लावायचे असतात, आणि ‘यांपैकी कोणीच नको’ हाही पर्याय असतो. २०१४ साली, संगणक सुरू होताना बाकीच्या सेवांना जागे करण्याचे काम कोणत्या कार्यक्रमाकडे द्यावे, यावर मोठा खटका उडाला. तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार मते पडली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ‘सिस्टमडी’ची निवड झाली. नोव्हेंबरात वाद सर्व सभासदांपुढे गेला, तेव्हा त्यांनी कौल दिला की असला ठराव करण्याचीच गरज नाही! काही मंडळी रागावून बाहेर पडली आणि ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. तीही चूल पेटती आहे. ज्या घरात चूल मांडायला कोणाची परवानगी लागत नाही, तिथे भांडणाने घर बुडत नाही.

दोन ओळी आणि अर्धा सेकंद

पण एवढ्यावर माझ्यातला बँकवाला समाधान पावला नाही. उघड्या वहीने चोर आणि चुका खरोखर सापडतात का? दोन प्रसंग सांगतो.

२००६ साली डेबियनच्या एका पॅकेजातून दोन ओळी काढल्या गेल्या. पॅकेज होते ‘ओपनएसएसएल’, गुप्त किल्ल्या तयार करणारे. तपासणीचे एक साधन त्या ओळींबद्दल कुरकुर करत होते. सांभाळणाऱ्याने मूळ लेखक मंडळींना विचारले, आणि उत्तर होकाराकडे झुकणारे आले. पण त्या ओळींबरोबर यदृच्छेचा झराच आटला. कोट्यानुकोटी निरनिराळ्या किल्ल्या निघायच्या, तिथे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या फार तर ३२,७६८ निघू लागल्या. चोराने बसून सगळ्या चालवून पाहाव्यात इतक्याच! जवळजवळ दोन वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आले डेबियनच्याच एका सभासदाच्या. १३ मे २००८ रोजी संस्थेने सारे जाहीर केले, कच्च्या किल्ल्यांची यादी पुरवली, आणि जगभरच्या लोकांना कुलपे बदलावी लागली. नाचक्की झाली, पण ती दडवली गेली नाही. ती नोंद आजही कोणालाही वाचता येते.

दुसरा प्रसंग अधिक भयंकर. ‘एक्सझेड’ नावाचा एक साधा कार्यक्रम आहे, माहिती दाबून लहान करणारा. वर्षानुवर्षे एक गृहस्थ तो फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. कामाचा रेटा त्यांना झेपेनासा झाला होता, आणि ते त्यांनी नम्रपणे सांगितलेही होते. तेव्हा काही अनोळखी नावे त्यांच्यामागे तगादा लावू लागली: कामे तुंबली आहेत, दुसऱ्याला घ्या. आणि ‘जिया टॅन’ या नावाचा एक मदतनीस आयताच हजर होता. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने इमानेइतबारे काम केले, विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. लबाडी अशी की त्याचा कळीचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या मूळ लिखाणात नव्हता. तो फक्त बांधून दिलेल्या गठ्ठ्यात होता. दुरून यंत्रात शिरण्यासाठी जी ‘एसएसएच’ सेवा वापरतात, तिला एक्सझेड मुळात लागतच नाही. पण डेबियन व आणखी काही संचांच्या बांधणीत ती सिस्टमडीच्या एका ग्रंथालयाशी जोडलेली होती, आणि ते एक्सझेडशी. चोर त्या साखळीने आत आला.

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे प्रोग्रामर डेबियनच्या ‘सिड’वर वेगळ्याच मोजमापात गुंतले होते. त्यांच्या लक्षात आले की यंत्रात शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण जांभई द्यायला याहून जास्त घेतो. पण हा माणूस ‘असेल काही तरी’ म्हणून उठला नाही. तो खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळे जगापुढे मांडले. चोरदरवाजा तोवर ‘सिड’ आणि ‘परीक्षा’ विभागांतच पोचला होता. ‘स्थिर’ आवृत्ती, जिच्यावर असंख्य कचेऱ्या विसंबून असतात, ती वाचली. खेळणी मोडणाऱ्या पोराची वेगळी खोली का ठेवतात, ते त्या दिवशी कळले.

पुढची दुरुस्ती मला फार आवडली. पॅकेजची आवृत्ती मागे नेता येत नाही, क्रमांक वरच चढला पाहिजे असा नियम. मग त्यांनी नव्या डब्यावर चिठ्ठी लावली तिचा अर्थ असा: ‘५.६.१, पण खरे म्हणजे ५.४.५’. इतकी प्रामाणिक चिठ्ठी मी माझ्या नोकरीत एकाही कागदावर पाहिली नाही.

अनाथांची यादी

माझ्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्या, ‘जबाबदार कोण’ याचे उत्तर या प्रकरणात आहे, आणि ते काळजी वाटावी असे आहे. जबाबदार असतो कोणी तरी एकटा माणूस, पुष्कळदा रात्री जेवणानंतर, नोकरी आणि पोराबाळांतून वेळ काढून बसलेला. तो थकला, आजारी पडला की पॅकेज ‘अनाथ’ म्हणून नोंदले जाते. हा माझा शब्द नव्हे, त्यांचाच. अशा अनाथांची यादी जाहीर असते, आणि कोणी पुढे येऊन ‘मी दत्तक घेतो’ असे लिहिले की नवी चिठ्ठी लागते. बिनबोभाट गप्प झालेल्या सभासदांची विचारपूस करणारेही काही सभासद आहेत. ‘तुम्ही बरे आहात ना? काम सोडायचे असेल तर संकोच करू नका,’ अशा अर्थाची त्यांची पत्रे असतात. ज्या घरात थकलेल्याला ‘मी थकलो’ म्हणता येते, तिथे जिया टॅनला शिरकाव कठीण जातो. एक्सझेडचा खरा धडा मला तरी हाच दिसतो.

यात आपला वाटा? डेबियन यंत्रावर चढवताना जे प्रश्न विचारले जातात, ते मराठीतूनही विचारले जातात, कारण कोणी तरी एक एक ओळ बसून मराठीत केली. सप्टेंबर २०२३ मध्ये या मंडळींचे वार्षिक संमेलन आपल्याच देशात, कोचीला भरले होते. तज्ज्ञ असलेच पाहिजे असेही नाही. चुकलेला मराठी शब्द दाखवून देणे हीसुद्धा वहीत एक नोंद होते, तिला क्रमांक मिळतो आणि उत्तरही येते.

या दिवाळीत घरातली तरुण मंडळी फराळानंतर संगणकापुढे बसतील, तेव्हा त्यांना ती अनाथांची यादी एकदा उघडून दाखवायला सांगा. सत्तर हजार डब्यांपैकी एखादा आपल्या घरात वाढवायला काय हरकत आहे? फक्त घेताना एक पथ्य पाळावे लागेल. ढेकूण निघाला, तर काकूंना खरे सांगायचे.