मॅग्नेशियम नसेल तर डीएनएची कात्री चालत नाही
आज बोलूया ईकोआरवन या एन्झाइमबद्दल. ई. कोलाय जिवाणूत सापडलेली ही डीएनएची कात्री. जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली की जी आणि ए यांच्या मधे कापायचं, एवढंच तिचं काम. पण गंमत बघा, मॅग्नेशियमचा आयन नसेल तर ती बरोबर जागा शोधते, तिथे जाऊन बसते, पण कापत नाही!

का? डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटवर ऋणभार असतो आणि बंध तोडायला पाण्याचा रेणू लागतो. मॅग्नेशियमवर दोन धनभार. तो फॉस्फेटचा ऋणभार सांभाळतो, पाण्याच्या रेणूला तयार करतो आणि बंध तुटतो.

मॅग्नेशियमऐवजी मँगनीज दिलं तर? कात्री चालते, पण स्पेलिंग थोडं चुकलेल्या जागीही कापते. म्हणून लॅबमध्ये बफर जपून निवडतात. कापणं थांबवायचं असेल तर ईडीटीए घालतात, तो मॅग्नेशियमला धरून ठेवतो. सीबीसीसाठी रक्त घेतात ना, त्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्येही ईडीटीएच असतो. तिथे तो कॅल्शियम पकडतो, म्हणून रक्त गोठत नाही.

आणि तुटलेला डीएनए जोडणारं लायगेज? त्यालाही मॅग्नेशियमच लागतं! म्हणजे धातू तोच. कापायचं की जोडायचं, ते एन्झाइम ठरवतं.