दोन एकर संत्र्याला कोणता पंप?

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या छोट्या बागायतदारांनो, दुकानात जाण्याआधी फवारणीच्या पाण्याचा हिशेब करा. ६ बाय ६ मीटरवर एकरी साधारण ११० झाडं बसतात. मोठ्या झाडाला ६ लिटर धरलं तरी एकराला ६६० लिटर लागतं, म्हणजे १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाच्या एकेचाळीस खेपा! कंबर राहील का?

बॅटरी पंप तीन-चार वर्षांच्या कलमांपर्यंत उत्तम. पुढे मात्र एचटीपी पंप, २०० लिटरचा ड्रम, लांब पाईप आणि गन हवीच. ट्रॅक्टरचा ब्लोअर दोन एकरांसाठी मला तरी उधळपट्टी वाटते. वाटल्यास भाड्यानं आणा.

खरी गोम नोझलमध्ये आहे. सायला कोवळ्या नवतीवर बसतो, म्हणून तिथं बारीक थेंब पाडणारं हॉलो कोन नोझल हवं. बोर्डो मिश्रण गाळूनच भरा, काम झालं की पंप धुवा. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, ह्यात काटकसर नकोच.

गन वर धरली की औषध अंगावर येतं. यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधेनं वीसहून जास्त जीव गेले. त्यामुळे मास्क, चष्मा, हातमोजे पंपासोबतच घ्या आणि वाऱ्याकडे पाठ करूनच फवारा.